चालून दाखव

कोंडाणे
५ ऑक्टोबर २०२५

निशी,

तुझा निरोप पदूमामाने जसाच्या तसा दिला. "पोरगी म्हणते, काय बोलायचं असंल ते कागदावर लिव. लिवता लिवता डोकं थंड होतं म्हणं." हे सांगताना तो टेंपोत दुधाचे कॅन चढवत होता आणि निम्मं गाव आपापलं दूध घेऊन रांगेत उभं होतं. आता आमच्याकडे म्हशींनासुद्धा माहीत आहे की तू मला फोनवर ब्लॉक केलंस.

बरोबर केलंस. तू फोन उचलत नव्हतीस कारण तू मुलांचा क्लास घेत होतीस, हे मला नंतर कळलं. त्याआधी माझे मेसेज जाऊन बसले होते. शेवटच्या मेसेजमध्ये तर मी नुसती टिंबं पाठवली होती, ती का ते मलाही आता सांगता येणार नाही. असो. हे पत्र मी सकाळपासून लिहितोय आणि डोकं खरंच थंड आहे. हात मात्र दुखतोय.

आता कामाचं. नदीकाठच्या कॅम्पवाल्या सोनाली मॅडमना लेण्यांच्या वाटेसाठी वर्षभराचा वाटाड्या हवा आहे. त्यांच्याकडे परदेशी पाहुणे येतात, बंगळूरचे कंपनीवाले येतात. ९ नोव्हेंबरला, रविवारी, परीक्षा आहे. गावातून लेण्यांपर्यंत मॅडम आपल्यासोबत चालणार आणि आपण सगळी वाट इंग्रजीत सांगायची.

वाट मला डोळे बांधून येते, रविवारी फिरायला येणाऱ्यांना मी वर नेतोच. इंग्रजीचं तुला माहीतच आहे. एस. वाय.ला सरांनी मला उभं केलं होतं, घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता सांग म्हणून. मी म्हणालो, आय गो डाउन, देन आय गो रोड, देन आय गो एसटी. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, 'गो' सोडून दुसरं काही येतं का? मी म्हणालो, येतं, आणि बाक ढकलून निघून आलो. तो आलोच. कॉलेज तिथेच संपलं.

'गो' मात्र अजून सुटलेलं नाही. परवा एका मावशींना मी चढावर 'गो, गो' म्हणत होतो. त्यांना वाटलं मी हाकलतोय. खाली येऊन रडल्या.

तू इंग्रजी शिकवतेस. मला चालण्याचे शब्द शिकव. हे काम लागलं की मी आईबाबांना घेऊन तुमच्याकडे मागणी घालायला येणार आहे. रिकाम्या हाताने आलो तर आबाजीकाका मला हॉटेलाच्या पायरीवरूनच परत लावतील. आधीच त्यांच्याशी मी वडा थंड आहे म्हणून भांडलोय. ते तुझे बाबा आहेत हे तेव्हा मला कुठे माहीत होतं.

तुझा (असं लिहिलेलं चालेल का ते कळव),
साईराज

*

कुंभिवली
९ ऑक्टोबर

साईराज,

पत्र मिळालं. दुधाचा वास येतोय त्याला.

वडा थंड नव्हता, असं बाबा अजूनही म्हणतात. गिऱ्हाइकांना सांगतात, आईला सांगायचे, आता ती नाही तर इंदूआत्याला सांगतात. तेव्हा त्या विषयावर तू पुन्हा काही बोलू नकोस.

शब्दांचं असं आहे की पाठ करून ते येत नाहीत, माणसं बघून येतात. मी आमच्या हॉटेलाच्या दारात बसून लिहितेय. हायवेला ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, आळस दिला, आणि आता गाडीभोवती उगाच फिरतोय. कुठे पोचायचं नाही, घाई नाही. हा 'स्ट्रोल'. बाबा गल्ल्यावरून उठून भट्टीकडे निघालेत, लांब लांब टांगा टाकत, समोरच्याने बाजूला व्हायचं. हा 'स्ट्राइड'. मागच्या शेतातून बाया भात कापून परत येतायत, पाय उचलवत नाहीत तरी उचलतायत. ही 'ट्रज'. इंदूआत्या दोन्ही गुडघे धरून, छोटी छोटी पावलं टाकत ओटीवर येतेय ती 'हॉबल'. एकच पाय दुखत असेल आणि माणूस त्या बाजूला झुकून चालत असेल तर 'लिंप'. यात गल्लत करू नकोस, पाहुण्याचा पाय मुरगळला तर मॅडमना नीट सांगता आलं पाहिजे. पाण्यातून पाय ओढत जायचं ते 'वेड'. माझी तिसरीतली पोरं क्लास सुटल्यावर चपला विसरून पळतात ते 'डॅश'.

आणि तू वर्गातून निघून गेलास ते 'गो' नव्हतंच. त्याला 'स्टॉर्म आउट' म्हणतात. सरांनी विचारलं होतं की दुसरं काही येतं का, आणि तू लगेच करून दाखवलंस. फक्त त्याचं नाव तुला माहीत नव्हतं.

आता गावातून लेण्यांपर्यंतची वाट लिहून पाठव, एकदाही 'गो' न वापरता.

बाकी बरं. आत्याने माझ्यासाठी डाळिंबी रंगाची साडी आणली आहे. कशाला म्हटलं तर नुसती हसते.

निशिगंधा

ता. क. 'तुझा' चालेल. अजून कुणाचा आहेस असं ऐकलं नाही.

*

कोंडाणे
१७ ऑक्टोबर

निशी,

तुझ्या ता. क.मुळे मी दोन दिवस कुणाशीही भांडलो नाही. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

वाट लिहितो. गाव सुटेपर्यंत साधं 'वॉक'. पुढे ओढा, तिथे 'वेड'. मी आधी तिथे 'गो इन वॉटर' म्हणायचो आणि मुंबईची पोरं शर्ट काढून पोहायलाच उतरायची. मग कारवीच्या झुडपांतून वाकून जायचं, त्याला शब्द नाही मिळाला. मग कातळाचा टप्पा येतो, हातपाय दोन्ही लावावे लागतात, तिथे 'क्लाइंब' म्हणू का? समोरच्या डोंगरात ठाकुरवाडीच्या बाजूला आगगाडीचं इंजिन धापा टाकत घाट चढत असतं, पाहुणे ते ऐकून म्हणतात, बघा, तीसुद्धा दमली. मग मुरमाचा उतार आणि लेणी.

मुरमावर एक घोळ झाला. मला पाहुण्यांना सांगायचं होतं की इथे घसरू नका. तोंडातून निघालं, 'प्लीज स्लाइड.' पुढच्या बाई मॅनेजर होत्या, हुकूम पाळायची सवय असावी. खाली बसल्या आणि आरामात घसरत गेल्या. मागून त्यांचं अख्खं ऑफिस. मी वरून ओरडतोय, नाय, नाय, आणि ते हात वर करून फोटो काढतायत. आता दर रविवारी लोक येऊन विचारतात, ती घसरायची जागा कुठाय.

पदूमामालाही शिकवलं. तो म्हणतो माझा टेंपो 'स्ट्राइड' करतो. मी म्हटलं मामा, तुझा टेंपो 'लिंप' करतो, मागचं डावं चाक बघ. त्यावर मला चौकातच उतरवलं.

एक शंका. कॉलेजात मी तुझ्या मागून यायचो ते 'फॉलो' की 'चेस'? डिक्शनरीत दोन्हीला 'मागे जाणे' लिहिलंय, पण दोन्हीत काहीतरी फरक असणार. मला तो फरक कळला पाहिजे. माझ्या चारित्र्याचा प्रश्न आहे.

साडी दिवाळीची असेल. डाळिंबी तुला शोभेल. आत्याबाईंना माझा नमस्कार सांग, नाव न सांगता.

तुझाच,
साईराज

*

कुंभिवली
३० ऑक्टोबर

साईराज,

आधी शंका. हातपाय दोन्ही लावून, धरत-निसटत जायचं ते 'स्क्रॅम्बल'. तुझ्या कातळाला तेच म्हण. झुडपांतून वाकून, चाहूल न देता जायचं ते 'क्रीप'. मनात नसताना पाय सटकला तर 'स्लिप', आणि हौसेने घसरलं तर 'स्लाइड'. त्या मॅनेजरबाईंनी अगदी बरोबर केलं.

आता तुझं चारित्र्य. तू स्टँडपासून वर्गापर्यंत अंतर ठेवून मागे यायचास आणि मी वळले की गुलमोहराकडे बघायचास. ते 'फॉलो'. पळणाऱ्याला पकडायला धावायचं ते 'चेस', आणि मी कधी पळाले नाही. सायकलवरून पुढे जाऊन कट्ट्यावर केस सारखे करत उभा राहायचास त्याला इंग्रजीत शब्द नाही. मराठीत आहे, पण तो मी लिहीत नाही. सोबतीने, बाजूबाजूने चालायचं त्याला 'अकंपनी' म्हणतात. ते तू अजून केलेलं नाहीस.

साडी दिवाळीची नव्हती. ८ नोव्हेंबरला, शनिवारी, पेणचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. मुलगा बँकेत आहे.

हे वाक्य वाचून तू उभा राहिला असशील. खाली बस.

मी बाबांना तुझं नाव सांगितलं. सरळ सांगितलं. ते म्हणाले, "कोण, तो थंड वड्यावाला? कॉलेज अर्ध्यात सोडलं, कामधंदा नाय, नाकावर राग. पाव्हण्यांना शब्द दिलाय, ते येऊन जाऊं देत, मंग बघू." 'मग बघू' म्हणाले, 'नाही' म्हणाले नाहीत. बाबांच्या तोंडून हे पुष्कळ झालं. पेणवाल्यांना नकार द्यायचं काम माझं आहे, ते मी करीन. तुझं काम दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमसमोर उभं राहायचं. तुझं काम झालं तर बाबांशी बोलायला माझ्याकडे काहीतरी असेल.

म्हणून आजचा शब्द 'स्टे'. जिथे आहेस तिथे थांबणं. यात पाऊल उचलायचंच नसतं, म्हणून तुला सगळ्यांत अवघड जाणार आहे. कुंभिवलीकडे फिरकू नकोस. पदूमामालाही सांगून ठेवलंय.

तुझी (चालेल ना?),
निशिगंधा

*

कोंडाणे
१० नोव्हेंबर

निशी,

तू हे पडून वाचत असशील तर उठू नकोस. पायाला ताण देऊ नकोस.

शनिवारी मी थांबलो. खरंच थांबलो. दिवसभर खळ्यावर भात झोडलं. आई म्हणाली, "इतकं नको रं आपटूस, त्याचं तांदूळ गिरणीत काढायचंय, हितंच नको काढूस." रात्री मुकाट्याने शब्द म्हणत झोपलो.

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कॅम्पच्या फाटकाशी गेलो. आम्ही चारपाच जण होतो. तेवढ्यात पदूमामाचा टेंपो आला. तो पहाटे तुमच्या हॉटेलात दूध घालून परत येत होता. मला बघून त्याने गाडी हळू केली, नजर चुकवली, आणि पुन्हा वेग घेतला. मी टेंपोला आडवाच गेलो. शेवटी म्हणाला, "तुला सांगायचं नव्हतं. आबाजीच्या पोरीचा पाय अधू हाय म्हणं. काल पाव्हण्यांनी चालताना बघितलं नि पोहे टाकून उठलं. सगळ्या कुंभिवलीत झालंय."

मागे मॅडम नाव पुकारत होत्या. माझंच नाव होतं. मी टेंपोत होतो.

तू घरी नव्हतीस, खालापूरला दाखवायला गेली असशील. काका गल्ल्यावर होते. हॉटेलात ट्रकवाले खात होते. काका मला बघून म्हणाले, "काय रं, वडा पायजे?"

मी म्हणालो, "नाय काका. निशिगंधा पायजे."

सगळ्यांचे हात ताटातच राहिले. आता थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी बोलत सुटलो. पाय अधू असला तरी मला तीच पाहिजे, पेणवाले उठून गेले ते बरं झालं, आमच्या घरापाशी थोडा चढ आहे पण मी पायऱ्या बांधून काढीन, आणि लेणी बघायची म्हणाली तर पाठीवर घेऊन जाईन, एवढं सगळं म्हणालो. आत्या कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी पदरात तोंड लपवलं. खांदे हलत होते. मला फार वाईट वाटलं. म्हातारीला किती लागलंय बघ.

काकांनी स्वतः उठून एक कप चहा भरला. मग म्हणाले, "चहा घे नि घरला जा." चहा घेतला. गरम होता, तसं म्हणालोही.

निशी, कधी पडलीस तू? मला का नाही कळवलंस? प्लास्टर आहे का? 'लिंप' आहे की 'हॉबल' एवढं तरी कळव, म्हणजे एक पाय की दोन्ही ते समजेल. कसंही असो. मला इतकी वर्षं सगळे म्हणतात की हळू चाल, आता हळू चालायला कारण मिळालं. परीक्षा गेली तर गेली.

तुझाच,
साईराज

*

कुंभिवली
१२ नोव्हेंबर

वेड्या,

माझे दोन्ही पाय धड आहेत. रविवारी मी खालापूरला ज्यादाच्या क्लासला गेले होते, डॉक्टरकडे नाही. आणि आत्या रडत नव्हती, हसत होती. तुझं भाषण तिने मला आतापर्यंत तीनदा करून दाखवलंय, हातवाऱ्यांसकट.

झालं ते असं. शनिवारी पाहुणे आले, पोहे झाले, मुलाने विचारलं इंग्रजी शिकवता का, मी हो म्हटलं. तोवर ठीक होतं. मुलगा बिचारा तसा बरा होता, त्याच्याशी एकटीला बोलायला मिळालं असतं तर मी नीट सांगून टाकलं असतं. पण त्याची मावशी मध्ये. तिने माझे केस मोकळे करून बघितले. मग म्हणाली, "जरा चालून दाखव गं, भिंतीपर्यंत."

साईराज, बाजारात बैलाला असं चालवून बघतात. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या क्षणी मला कळलं की तू बाक का ढकलला होतास. पण मी निघून गेले असते तर बाबांची मान खाली गेली असती. म्हणून उठले, पदर सारखा केला, आणि भिंतीपर्यंत 'लिंप' करत गेले. डावा पाय. गेल्यावर वाटलं, चांगलं जमतंय, मग परत येताना 'हॉबल' केलं. हुबेहूब आत्या. मावशींचे डोळे विस्फारले. म्हणाल्या, "जातानाची चाल वेगळी नि येतानाची वेगळी कशी?" मी म्हटलं, "थंडी पडली की बदलते."

निघाले ते. मुलगा दारात माझ्याकडे बघून ओठांत हसला. त्याला समजलं असावं.

बाबांनी एकच विचारलं, "कुणाकडं शिकलीस हे?" दुसऱ्या दिवशी तू आलास.

रात्री जेवताना ते म्हणाले, "पेणवाले पाय बघून उठले, ह्यो पाय बघून आला. मनाचा चांगला हाय पोरगा." मी भाकरी थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, "पन आज त्याची परीक्षा व्हती ना? ती टाकून आला. डोक्यात आलं की सुटतो ह्यो. उद्या संसार टाकून कुठं सुटंल, याचा भरवसा कोन देणार? तू देतीस?"

तू माझ्यासाठी आलास त्याचा आनंद मी उशीत तोंड खुपसून करून घेतला, तो तुला सांगणार नव्हते. पण बाबांना उत्तर देता आलं नाही, हेही खरं.

तू जिथून एकदा निघतोस तिथे परत जात नाहीस. कॉलेजात नाही गेलास, क्रिकेटच्या टीममध्ये नाही गेलास, पदूमामाच्या टेंपोतसुद्धा भांडणानंतर आठवडाभर बसत नाहीस. यावेळी जा. सोनाली मॅडमकडे जाऊन खरं काय ते सांग. त्या नाही म्हणाल्या तर ते ऐकून घे आणि चालत बाहेर ये. आजचा शब्द 'रिटर्न'. याला दुसरा सोपा शब्द नाही.

मी पुढचं पत्र तुझं आल्यावर लिहीन. तोवर नाही.

निशिगंधा

*

कोंडाणे
१५ डिसेंबर

निशी,

महिना लागला या पत्राला, कारण सांगण्यासारखं काही घडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मॅडमच्या फाटकापर्यंत मी कितीदा गेलो आणि वळलो ते सांगत नाही. तिथल्या कुत्र्याने भुंकणं सोडून दिलं. शेवटी आत गेलो. त्या विचारतील म्हणून काहीतरी बहाणा तयार केला होता, आजी आजारी वगैरे, पण त्यांनी नुसतं बघितलं आणि मी खरं सांगून टाकलं. पाय, पेणवाले, पाठीवरून नेणं, सगळं. त्या टेबलावर डोकं टेकून हसल्या. आपल्यावर कुणी हसलं की माझं काय होतं तुला माहीत आहे. कानशिलं गरम झाली. पण उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, घेतलेला मुलगा चार दिवसांत सोडून गेला, मला पुन्हा परीक्षा घ्यायचीच आहे. १४ डिसेंबरला ये, आणि येताना कधी लेणी न बघितलेला एखादा पाहुणा स्वतः आण.

असा माणूस आमच्या गावात कुठून मिळणार? म्हणून तुझ्या शेजारच्या सुरभीकडे निरोप ठेवला, कुणी असेल तर पाठव. तू कुणाला पाठवशील याची मला स्वप्नातही कल्पना नव्हती. काल सकाळी पदूमामाच्या टेंपोतून आबाजीकाका उतरले, टोपी घालून. मागून आत्या. काका म्हणाले, "हायवेवर जन्म गेला, हे डोंगर रोज बघतो, वर कधी आलो नाय. चल, दाखव." आत्या माझ्या आईशेजारी चुलीपाशी बसल्या त्या बसल्याच.

वर आम्ही निघालो, मॅडम, त्यांचे दोन परदेशी पाहुणे, काका आणि मी. काका सगळ्यांच्या पुढे. तू लिहिलं होतंस तसेच, लांब टांगा टाकत. ओढ्यापाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रं, आज मधीच सोडून पळनार नाय ना?" पाहुण्यांनी मॅडमना विचारलं ते काय म्हणाले. मी दात आवळले आणि 'प्लीज वेड स्लोली' म्हणालो. पुढे 'क्रीप' म्हणालो, 'स्क्रॅम्बल' म्हणालो, मॅडम वहीत काही लिहीत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या.

कातळाच्या वरच्या अंगाला काका मागे पडले. तोंड लाल झालं होतं, एका हाताने झाड धरलं होतं आणि दुसऱ्याने उगाच चप्पल सारखी करत होते. मी थांबा म्हणालो असतो तर ते थांबले नसते, उलट पुढे गेले असते. तुझे बाबा आहेत ते. माझे पाठ केलेले सगळे शब्द उडाले. मी मॅडमजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "मॅडम, ही इज टायर्ड. ही विल नॉट से. प्लीज, यू से यू आर टायर्ड."

मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मोठ्याने मराठीत म्हणाल्या, अहो थांबा हो सगळे, माझे पाय भरून आले. काका म्हणाले, "बायामानसांना दम लागतोच," आणि सगळ्यांच्या आधी खाली बसले. मी पाण्याची बाटली त्यांच्याजवळ ठेवली आणि पाहुण्यांना झाडांची नावं सांगत बसलो. दोन झाडांची मला इंग्रजीत येत नव्हती, ती मराठीतच सांगितली.

लेणी बघितली. काका टोपी काढून खूप वेळ वरची कमान बघत उभे राहिले.

खाली आल्यावर मॅडम म्हणाल्या, क्रियापदं पक्की आहेत, वाक्यं वाकडी आहेत, जानेवारीपासून कामावर ये. निशी, मला काम लागलं. हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं, पण माझा जीव अर्धाच आनंदात आहे. आईने मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, काका थांबले नाहीत. मला एक शब्द बोलले नाहीत. टेंपोत बसताना फक्त म्हणाले, "येतो."

रागावले का ते? ओढ्यापाशी मी तोंड वाकडं केलं होतं का? घरी काय म्हणाले ते लगेच कळव. मी थांबलोय. थांबायला शिकलोय म्हण, पण फार वेळ नाही जमणार.

तुझाच,
साईराज

*

कुंभिवली
१६ डिसेंबर

साईराजला आबाजीचा राम राम.

तुजं पत्र पोरीला आलं ते मी वाचलं नाय. ती वाचून आतबाहेर करते, माझ्या तोंडाकडं बघते, मी काय बोलत नाय. म्हनून तुलाच आधी लिवतो. मी कुनाला पत्र लिवत नाय. पाव्हण्यांना लग्नाचं आमंत्रनसुदीक तोंडी देतो.

वर कातळावर तू त्या बाईला इंग्लिशमधी बोललास, ह्यो थकलाय, तो सांगनार नाय, तुमी थकलो म्हना. तुला वाटलं मला कळत नाय. बाबा, माझ्या हाटेलात मद्रासचा डायवर येतो, पंजाबचा येतो, सायेब लोक येतात. तेवढं इंग्लिश मला समजतं. समजलं तवा आधी डोकं फिरलं. म्हनलं उठतो नि ह्याला चार शब्द सुनवतो. रागीट मीबी हाय, तुज्यापेक्षा जास्ती. माझी बायको असती तर तिनं सांगितलं असतं.

पन मी बसून बघत व्हतो. बाई थांबली. पाणी माझ्याशेजारी आलं. तू माझ्याकडं एकदा पन बघितलं नाय, झाडांची नावं सांगत राह्यलास. ओढ्याजवळ मी तुला चारचौघांत टोचलं व्हतं, ते तुज्या ध्यानात असनार. तरी तू चारचौघांत माझी मान खाली जाऊं दिली नाय. मी मुद्दाम टोचत व्हतो. रागाचं मानूस दुसऱ्याची लाज राखतं का, एवढंच बघायला वर आलो व्हतो. लेणी बिनी नंतर. लेणी चांगली हायेत.

खाली तुज्याशी बोललो नाय कारन बोललो असतो तर आवाज गेला असता माझा. गल्ल्यावर बसनाऱ्याला ते शोभत नाय.

आत्याचं तर तुज्या आईशी सगळं ठरूनच आलंय. चुलीपाशी दोघींनी पोराबाळांची नावं सोडून बाकी सगळं बोलून घेतलं म्हनं.

आता ऐक. परवा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार हाय. त्याच्या पुढं अमावास्या, मंग पौष लागतो. पौषात आमी बोलनी करत नाय. तवा परवाच आईबापाला घेऊन ये. पोरीचं नाव मागायचं ते रीतीनं घरात बसून माग, हाटेलात उभा राहून नको. त्या ट्रकवाल्यांनी तुजी गोष्ट पार नाशिकपतूर नेली.

निशी दारात उभी हाय. विचारते, कुनाला लिवताय. मी म्हनलं, दूधवाल्याला, दूध पातळ येतंय म्हनून. ती म्हनते एवढं लांबलचक? तिला काय ते आता पदू टेंपो घेऊन निघाला की सांगतो, नायतर ती त्याच्याच टेंपोत चढून तिकडं येईल. दोघं सारखीच हाव तुमी.

आईला म्हनावं जेवून निघू नका, जेवन हितं. तुजा बा बोलत नाय फारसा असं ऐकलं, ते बरं हाय, मी बोलतो.

ये. पन सावकाश ये.

आबाजी